उत्तर: शनिवारच्या बजेट-पत्रकातली तिसरी ओळ (फेब्रुवारी 2019, आज रात्रीच्या आत)

मेधाताई,
'5 लाखांपर्यंत कर नाही' ही ओळ छापू नका. 1 फेब्रुवारी 2019 च्या अंतरिम बजेटमध्ये पीयूष गोयल यांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढवलेली नाही, 2019-20 साठीही ती अडीच लाखच आहे. वाढली ती 5 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना करात मिळणारी कलम 87एची सूट, 12,500 रुपयांपर्यंत, आणि ती फक्त भारतातल्या रहिवाशांना. पत्रक घेणारे बहुतेक आपल्यासारखे अमेरिकेत राहणारे, म्हणजे तिथल्या करासाठी अनिवासी आहेत.

एनआरओ ठेवीवर (अनिवाशांच्या भारतातल्या रुपया-खात्यातली ठेव) वर्षाला 4 लाख व्याज धरा, दुसरं उत्पन्न नाही. बँक 31.2 टक्क्यांनी 1,24,800 कापणार. खरा कर वरच्या दीड लाखावर 5 टक्के, म्हणजे 7,500 आणि 300 सेस. 1,17,000 परत मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. आपली ओळ वाचून कोणी रिटर्न भरलंच नाही, तर एवढी रक्कम तिकडेच अडकेल.
– सुहास

सुहास,
ओळ काढते. पण व्याजावरच्या टीडीएसची (बँक आधीच कापते त्या कराची) मर्यादा 10 हजारांवरून 40 हजार झाली, ते राहू दे ना?
– मेधा

तेही नको, ताई. 40 हजार हे प्राप्तिकर कायद्याच्या कलम 194ए खाली, रहिवाशांसाठी. एनआरओचं व्याज कलम 195 खाली येतं, तिथे पहिल्या रुपयापासून कापतात. 'कर कापू नका' असं बँकेला सांगणारा फॉर्म 15जी भरून देऊ नये, तो रहिवाशांचा फॉर्म. साठीपुढच्या आईवडिलांना 50 हजारांची मर्यादा गेल्या वर्षीच मिळाली, त्यांना यात नवीन काही नाही.
– सुहास

कराचा मजकूर आधी माझ्याकडे यायचा, हे सभेत ठरलं होतं. असो. 31.2 टक्के कापून घ्यायची गरजच नाही. फॉर्म 6166 (अमेरिकेतल्या रहिवासाचा कर खात्याचा दाखला) आणि त्याच्या जोडीचा भारतीय फॉर्म 10एफ बँकेत दिले की भारत-अमेरिका कर-करारानुसार 15 टक्के, वर सेस नाही. 6166 साठी फॉर्म 8802 हा अर्ज भरायचा, फी 85 डॉलर.
– प्रकाश (खजिनदार)

प्रकाशकाका, बरोबर, पण 15 टक्के म्हणजेही 60,000, आणि देणं 7,800. रिटर्न चुकत नाही. शिवाय 6166 कॅलेंडर वर्षाचं आणि बँकेचं वर्ष एप्रिल ते मार्च, तिथे कागद अडतो. रिटर्न आयटीआर-2 भरायचं, आयटीआर-1 अनिवाशांना चालत नाही. 1 मार्च 2019 पासून रिफंड फक्त पॅन जोडलेल्या खात्यात जमा होणार, तेव्हा एनआरओ खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. आणि इथल्या, अमेरिकेच्या रिटर्नमधल्या परदेशी कराच्या फॉर्म 1116 वर 7,800 चंच क्रेडिट घ्या, कापलेल्या सगळ्या रकमेचं नाही. परत मिळणारा पैसा हा भरलेला कर धरत नाहीत.
– सुहास

पुण्याचा बंद फ्लॅट आणि गावचं घर, दोन्हींचं काय? बजेटमध्ये काहीतरी होतं.
– अंजली

अंजली, हे मात्र आपल्यालाही लागू. दुसऱ्या बंद घरावरचं मानीव भाडं (भाडं येत नसलं तरी कल्पून धरलेलं उत्पन्न) आता धरणार नाहीत. पण 2019-20 च्या उत्पन्नापासून, या जुलैच्या (2019) रिटर्नमध्ये नाही. दोन्ही घरं मिळून कर्जाच्या व्याजाची वजावट 2 लाखच. भाड्याने दिलं असेल तर टीडीएसची 2,40,000 ची नवी मर्यादा विसरा. मालक अनिवासी असला की भाडेकरूने पहिल्या महिन्यापासून 31.2 टक्के कापून, टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढून 27क्यू (अनिवाशांच्या टीडीएसचं विवरण) भरायचा. काही भाडेकरू कमी कापून मोकळे होतात आणि नोटीस त्यांनाच येते.
– सुहास

आणि पीएम-किसान योजनेतले शेतकऱ्यांचे वर्षाला 6,000? सातबारा सामाईक आहे, भाऊ गावी असतो.
– विनायक

विनायक, योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. भावाचं कुटुंब वेगळं धरतात. फेब्रुवारी 2019 च्या नियमानुसार त्याच्या वाट्याची जमीन 2 हेक्टरपर्यंत हवी आणि मागच्या वर्षी त्याने प्राप्तिकर भरलेला नसावा. तलाठ्याकडे आधार आणि पासबुकाची प्रत द्यायला सांगा.
– सुहास

तिसरी ओळ अशी करते: 'एनआरओ व्याजावर कापलेला कर रिटर्न भरून परत मागा. 5 लाखांची सूट अनिवाशांना नाही.' प्रकाशकाका, दहापर्यंत हो म्हणा, मग छापायला देते.
– मेधा