तापातली आकडी: थोडी भर

इथे एका ताईंनी विचारलंय, दीड वर्षाच्या मुलाला तापात आकडी आली, मेंदूवर परिणाम होईल का? सर्वांगाला आलेली, 15 मिनिटांच्या आत थांबलेली आणि 24 तासांत पुन्हा न आलेली असेल तर बुद्धीवर परिणाम होत नाही. पुढे अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त. पुन्हा तापात आकडी मात्र साधारण तीनातल्या एका मुलाला येते.

खरी काळजी लांबलेल्या आकडीची. एकाच बाजूचे हातपाय झटकले किंवा नंतर हात काही वेळ लुळा पडला, तर नीट तपासण्या लागतात. मान ताठ असेल, मूल भानावर येत नसेल, तर मेंदूज्वर नाही ना हे डॉक्टर आधी बघतात.

आकडी आली की कांदा हुंगवा, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो कृपया सोडा. आमच्या गिरगावातल्या चाळीत एकदा एका बाळाभोवती दहा जण गोळा झाले, कुणी चप्पल नाकाशी धरतंय, कुणी दातात चमचा घालतंय! दात तुटून घशात गेला असता म्हणजे? कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. 5 मिनिटं उलटली की 108. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्सला वेळ लागतो, म्हणून नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा (आकडी थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे घरी ठेवायचा का, हे डॉक्टरांनाच विचारून घ्या.

आणि ताई, पॅरासिटामॉल उशिरा दिलं म्हणून हे झालं, असं मनाला लावून घेऊ नका. त्याने ताप उतरतो, आकडी टळतेच असं नाही.