मोटर करंट सेन्सरचा कोड, म्हणे अख्खा इन्व्हर्टर बदला?

सायनवाला
मंडळी जरा मदत करा, डोक्याला शॉट झालाय नुसता. २०१८ ची पेट्रोल हायब्रिड सेडान आहे, आजवर कसली कुरकुर नाही. गेल्या महिन्यात हिंदमाताला पाणी तुंबलं होतं त्यातून काढली, अर्ध्या टायरपर्यंत असेल पाणी, बंदबिंद न पडता घरी आली. मग चारेक दिवसांनी ईस्टर्न एक्सप्रेसवर घाटकोपरपाशी ट्रॅफिकमध्ये रखडलेलो तर एकदम मीटरवर त्रिकोण पेटला, 'हायब्रिड सिस्टम तपासा', आणि गाडीने जोरच सोडला. बाजूला घेऊन बंद-चालू केली तर जसं काही झालंच नाही अशी चालायला लागली. त्यानंतर अजून दोनदा झालंय. स्कॅनर लावला तर पी०ए६०, म्हणजे ड्राइव्ह मोटरचा व्ही फेज करंट (मोटरला यू, व्ही, डब्ल्यू अशा तीन फेज, म्हणजे तीन लाइनी जातात, त्यातली मधली). गॅरेजवाला म्हणतो सेन्सर सुटा मिळत नाही, इन्व्हर्टरच्या (बॅटरीचा डीसी मोटरसाठी एसी करणारा डबा) पोटात असतो, पूर्ण इन्व्हर्टर टाका, पावणेदोन लाख. खरंच एवढं लागतं का?

कुर्ला_टू_कल्याण
सीएसटी रोडला विचारून बघा, भंगारात आलेल्या गाड्यांचे इन्व्हर्टर मिळतात कधीकधी. पार्ट नंबर जुळवून घ्या फक्त.

वायरमनकाका
थांबा हो, कुर्ल्याला नंतर जा. सायनवाला, कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर मेला असं नसतं. ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, एवढंच म्हणतोय की व्ही फेजचा आकडा मला पटत नाही. का पटत नाही ते शोधायचं काम माणसाचं, आणि तिथेच सगळे आळस करतात.

हा सेन्सर म्हणजे काय, तर मोटरकडे जाणाऱ्या तांब्याच्या पट्टीभोवती एक रिंग, तिच्या फटीत हॉल चिप, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप. करंट वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चिप त्याप्रमाणे व्होल्टेज देते. ५ व्होल्टवर चालणारा सेन्सर असेल तर करंट शून्य असताना साधारण मधोमध, अडीचच्या आसपास, एका दिशेने करंट गेला की वर, उलटा गेला की खाली. तीन फेजच्या करंटची बेरीज कायम शून्य, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत सेन्सर दोनच फेजवर, व्ही आणि डब्ल्यू. व्ही ८० अँपिअर आणि डब्ल्यू उणे ३० असेल तर यू उणे ५०, हिशोब मांडून काढतात. म्हणजे एक आकडा खोटा निघाला की तिसराही खोटा, मोटर किती टॉर्क देतेय तेच कळेनासं होतं, म्हणून गाडी जोर सोडते.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे कोड खोडू नका, आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची साठवलेली नोंद बघा, कोड आला तेव्हा स्पीड किती, इन्व्हर्टरचं टेंपरेचर किती, १२ व्होल्टची बॅटरी किती. काही गाड्यांत कोडसोबत तीन आकडी उपकोड असतो, तो स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला दिसत नाही, पण सगळी गोम त्यातच असते. मग गाडी रेडी करा (मीटरवर READY येईपर्यंत चालू), पार्किंगमध्ये उभी ठेवा, इंजिन बंद असू दे आणि लाइव्ह डेटात व्ही आणि डब्ल्यू करंट बघा. दोन्ही शून्याच्या आसपास हवेत. एकच भलता असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोन्ही एकदम हलत असतील तर सप्लाय नाहीतर अर्थिंग. गरम झाल्यावरच सरकत असेल तर इन्व्हर्टरचा कूलंट पंप बघा, तो इंजिनपेक्षा वेगळा असतो.

बाकी दोनदा कोड कधी आला? चालवताना की चालू करताना? आणि त्या पाण्यानंतर बॉनेटखाली कोणी प्रेशरने धुतलंय का?

सायनवाला
काका दोन्ही वेळा सकाळी बटण दाबल्या दाबल्या. आणि हो, चिखल झालेला म्हणून वॉशिंगवाल्याकडून इंजिन वॉश करून घेतलं होतं 🙈

वायरमनकाका
घ्या! हिंदमाताचं पाणी तेवढं वर गेलंच नाही, तुम्हीच पाईप लावून पोचवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इन्व्हर्टरचा बारीक वायरींचा कनेक्टर आणि १२ व्होल्ट बॅटरी, दोन्ही तपासून घ्या. बॅटरी उतरली असेल तर ईसीयू जागे होताना व्होल्टेज खाली बसतं आणि हे असले भुताटकीचे कोड येतात.

मुलुंडची_मीनल
एक सांगते, स्वतः हात घालू नका प्लीज. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, दिसली की लांब राहायचं. आमच्याकडे सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढल्यावर दहा मिनिटं थांबल्याशिवाय कोणी झाकणाला हात लावत नाही, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. त्यानंतरसुद्धा १००० व्होल्टचे ग्लोव्ह घालून मीटरने शून्य बघायचं आणि मगच पुढे. ग्लोव्हपण आधी गुंडाळून हवा दाबून बघायचे, सुईएवढं भोक असलं तरी बाद. आणि काकांच्या यादीत एक राहिलं, मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू रेझिस्टन्स सारखा येतो का ते मिलीओममीटरने बघतात, साध्या मल्टिमीटरला तो फरक कळतच नाही. मोटरमध्येच बिघाड असेल तर सेन्सर बिचारा खरं बोलत असतो आणि तुम्ही नवा इन्व्हर्टर टाकून परत तिथेच.

सायनवाला
अपडेट देतो. चेंबूरला हायब्रिडचं काम करणारा एक जण सापडला, सगळं समोर बसून बघितलं. उभ्या गाडीत डब्ल्यू शून्य-एक अँपिअर, व्ही मात्र नऊ ते चौदा नाचत होता, आणि बारीक वायरींचा हार्नेस हलवला की अजूनच. कनेक्टर काढला तर आत ओल आणि एका पिनला हिरवा गंज. क्लीनर मारून, सुकवून बसवला, व्ही पण शून्य-एकवर आला. वाइंडिंग तिन्ही सारखी. १२ व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहून ११.६ दाखवत होती, ती बदलायचीय. बिल साडेतीन हजार. आज बारावा दिवस, दिवा नाही. घाटकोपरला कोड गरम ट्रॅफिकमध्ये का आला ते मात्र नीट कळलं नाही अजून.

वायरमनकाका
ओल गरम झाली की वाफ होऊन कुठेही सरकते, तसंही असेल. पंप चालतोय ना ते एकदा बघाच. आणि बॅटरी डिकीत असेल तर व्हेंट पाईपवालीच (गॅस बाहेर सोडणारी) घ्या, दुकानदार साधी गळ्यात मारतात.