तांदळा म्हणजे अपुरी मूर्ती नव्हे
घडवलेला आकार नसलेल्या देवाला ‘अपुरी मूर्ती’ म्हणावे का, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते म्हणू नये. अशा अनघड पाषाणासाठी मराठीत ‘तांदळा’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील स्वयंभू गणपती, ज्याचे देऊळ जिजाबाईंनी बांधवले असे मानतात, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिथे सोंड आणि हात शोधू गेल्यास नजरेस पडतो तो शेंदराच्या थरांनी गोलसर झालेला पाषाण. असे थर फार जाड झाले की कधीकधी कवच आपोआप सुटून येते (आमच्या गावच्या म्हसोबाचे असेच सुटले, तेव्हा आत जेमतेम नारळाएवढा दगड निघाला). पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतील मानाचा पहिला गणपतीही कसब्यातील याच ग्रामदैवताच्या नावाने निघतो.