भौतिकशास्त्राची गणिते: सोबतीने की एकट्याने?

चर्चाप्रस्ताव
परीक्षेची तयारी करताना विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्राची गणिते एकमेकांच्या मदतीने सोडवावीत, असे माझे ठाम मत आहे. मी शिकवतो. अलीकडेच चार विद्यार्थी एका गणिताभोवती बसले होते: आडव्या जमिनीवर ५ किलोचा ठोकळा आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.४ आहे आणि १० न्यूटन बलाने ढकलूनही ठोकळा हलत नाही, तर घर्षण बल किती? तिघांनी गुरुत्व त्वरण १० धरले, गुणांकाला लंब प्रतिक्रियेने (जमीन ठोकळ्याला वर ढकलते त्या ५० न्यूटन बलाने) गुणले आणि २० न्यूटन लिहून ते मोकळे झाले. चौथीला सूत्रच आठवत नव्हते, म्हणून तिने विचारले, “पुढे १० आणि मागे २०, मग ठोकळा आपल्याच अंगावर येईल का?” तिघेही गप्प झाले. घर्षण लावलेल्या बलाइतकेच, म्हणजे १० न्यूटन आहे आणि २० ही त्याची कमाल मर्यादा आहे, हे थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच उमगले. मी ते फळ्यावर सोडवले असते, तर त्यांनी फक्त उतरवून घेतले असते.

प्रतिसाद १ (विरोधी)
चौथी मुलगी त्या दिवशी आली नसती तर? तिघांचे एकमत झाल्यामुळे चूक अधिकच पक्की झाली असती. माझा मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. दुसऱ्याने मांडलेली पायरी समजणे आणि ती पायरी आपल्याला सुचणे, यांत फार अंतर आहे. मी विद्यार्थी असताना एका हुशार मित्राशेजारी बसून वर्षभर गणिते सोडवली आणि त्यातले प्रत्येक गणित मला समजलेही होते. परीक्षेत उतारावरून घरंगळणाऱ्या भरीव दंडगोलाचे त्वरण विचारले, तेव्हा मी कोऱ्या पानाकडे पाहत राहिलो, कारण ऊर्जेपासून सुरुवात करायची की आघूर्णापासून (बलाच्या फिरवण्याच्या परिणामापासून), हा निर्णय वर्षभर त्यानेच घेतला होता.

प्रतिसाद २ (समर्थक)
आपला अनुभव खरा आहे, पण दोष सोबतीचा नसून क्रमाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक जण आधी स्वतःचे उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याशी वाद घालतो आणि त्यानंतर पुन्हा उत्तर देतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. जिथे विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावले जात होते, तिथे संकल्पनांच्या चाचणीतील सरासरी प्रगती केवळ व्याख्याने ऐकणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती.

प्रतिसाद १ चे उत्तर
आधी स्वतःचे उत्तर, हा क्रम मला पूर्ण मान्य आहे. मात्र ही प्रगती संकल्पनांच्या चाचणीतील आहे, हे आपणच म्हटले आहे. परीक्षेत चार-पाच पायऱ्यांचे गणित घड्याळाकडे पाहत, कोणालाही न विचारता सोडवावे लागते, आणि तो सराव चर्चेतून होत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
ज्याला पहिली ओळही सुचत नाही, त्याला एकटे बसवून आपण काय शिकवणार आहोत? असे विद्यार्थी मी रोज पाहतो. पंधरा मिनिटांनी त्यांच्या वहीत फक्त ‘दिलेले आहे’ एवढेच लिहिलेले असते. त्यांच्यासाठी मी एकच पथ्य घालून दिले आहे: मदत करणाऱ्याने दुसऱ्याची पेन्सिल हातात घ्यायची नाही. “या ठोकळ्यावर कोणकोणती बले आहेत?” एवढेच विचारायचे आणि त्या बलांची दिशा दाखवणारे बाण त्यालाच काढू द्यायचे.

प्रतिसाद १ चे उत्तर
पेन्सिलीचे पथ्य मला पटले. माझ्या मित्राला ते कोणी सांगितले असते, तर बरे झाले असते. त्याला मी एक अट जोडतो. दुसऱ्या दिवशी तेच गणित वही मिटून, एकट्याने, पहिल्या बाणापासून पुन्हा सोडवावे. ते सुटेपर्यंत आदल्या दिवशीच्या मदतीचा उपयोग झाला, असे मी धरणार नाही.