रॉक अँड रोल गिटारवादक चक बेरीची साथ वाजवताना ठेका शफल (झोके घेत जाणारा) ठेवायचा की सरळ?

सहावी_तार:
ए सुरातली बारा बारची (बार म्हणजे चार मात्रांचा गट) साथ अशी: पाचवी तार मोकळी, चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर पहिल्या बोटाने, मग चौथ्या फ्रेटवर तिसऱ्या बोटाने, प्रत्येकी दोन आघात. कॉर्डचा क्रम: ए चार बार, डी दोन, ए दोन, मग ई एक, डी एक आणि शेवटी ए दोन. सगळं मोजून बरोबर येतं, तरी कानाला संथ ब्लूजच वाटतो. कुठे चुकतंय?

उलटा_ठेका:
बोटं बरोबर आहेत, आघातांमधलं अंतर चुकतंय. शफलमध्ये एका मात्रेचे तीन भाग पडतात, आघात पहिल्या आणि तिसऱ्यावर. ही चाल मुळात बुगी-वुगी पियानोच्या डाव्या हाताची, आणि तुमची दोन बोटं तेच काम करतायत. बेरीने ती गिटारवर घेऊन मात्रेचे दोन सारखे भाग केले. 'जॉनी बी. गुड' (1958) नीट ऐका: गिटार जवळजवळ सरळ, ड्रम्स मात्र अजून स्विंगमध्ये, म्हणजे शफलच्या झोक्यात. सगळी मजा त्या ओढाताणीत आहे! म्हणून ड्रम ट्रॅक शफलचाच लावा आणि गिटार सरळ ठेवा.

सगळे आघात खालच्या दिशेनेच मारा. वर-खाली मारलं की वरचा आघात हलका पडतो, उशिरा येतो आणि नकळत शफल सुरू होतो. मेट्रोनोम 80 वर ठेवून चार बार शफल, चार बार सरळ, न थांबता. मग पाच-पाचने वाढवा. मनगट आवळलं तर पुढे लय मागे पडणारच. मूळ रेकॉर्ड बी फ्लॅटमध्ये आहे, सोबत वाजवायचं तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा.

टेपवेडा:
गेनही (ॲम्पवरची आवाज फाटवणारी कळ) कमी करा. आणि बेरीऐवजी मेम्फिसच्या सन स्टुडिओचा आवाज हवा असेल तर स्लॅपबॅक (लगेच येणारा एक छोटा प्रतिध्वनी) लागेल. तिथले मालक सॅम फिलिप्स दुसऱ्या टेप मशीनवरून तोच आवाज परत मिसळायचे. रेकॉर्ड हेडपासून प्लेबॅक हेडपर्यंत टेप पोचायला जो क्षण लागतो, तेवढाच उशीर. डिले पेडलवर 120 ते 140 मिलिसेकंद, फीडबॅक शून्य (एकच प्रतिध्वनी), मिक्स पावभर. डिजिटल पेडल असेल तर टोन उतरवा, नाहीतर प्रतिध्वनी मूळ आघाताइतकाच टोकदार येतो आणि दोन गिटार चुकतायत असं वाटतं.

सनमधल्याच, 5 जुलै 1954 च्या एल्विसच्या 'दॅट्स ऑल राइट'मध्ये ड्रमर नाहीच. बिल ब्लॅकच्या उभ्या बासची तार फळीवर आपटते, तोच ठेका.

डावा_हात:
सरळ ठेक्याचं श्रेय एकट्या बेरीला देऊ नका. रॉक अँड रोल गायक-पियानोवादक लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ आठ आघात ठोकायचा. न्यू ऑर्लीन्सचा ड्रमर अर्ल पामर आधी शफलवाला, पण त्या हाताशी जुळवून घेता घेता तो सरळ ठेक्यावर आला. रिचर्डचं 'लुसिल' (1957) लावा: बास, ड्रम्स, पियानो, सगळेच सरळ. त्यावर शफल वाजवून बघा, दुसऱ्या बारमध्येच चूक ऐकू येईल.