कन्सोल उघडणारा इंजिनियर नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

मिरजेचा_सिसॲडमिन:
परवा इथे एकाने लिहिलं, "अजूनही जो कन्सोल उघडून व्हर्च्युअल सर्व्हर बनवतो त्याला इंजिनियर म्हणू नका. टीममधल्या सगळ्यांचे कन्सोल पासवर्ड काढून घ्या, सर्व्हरला हात फक्त एपीआयने लावा." (कन्सोल म्हणजे क्लाउड कंपनीचं बटणं दाबायचं वेबपान, एपीआय म्हणजे तेच हुकूम प्रोग्राममधून पाठवायची वाट, आणि व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे कंपनीच्या यंत्रावर भाड्याने घेतलेलं आभासी मशीन.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझ्याकडे सात सर्व्हर आहेत. सातशे नाही, सात. तीन पतसंस्था, एक दूध संघ आणि दोन शाळांची फी त्यांवर चालते. गेल्या वर्षी एक हुशार मुलगा कामाला आला. टेस्टचे दोन सर्व्हर रात्री उगाच चालू राहतात, पैसे वाचवू म्हणाला आणि पायथनमध्ये चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ज्यावर टेस्टचा टॅग, म्हणजे नावाची चिठ्ठी, आहे ते रात्री उडवायचे, सकाळी नवे उभे करायचे. महिनाभर छान चाललं. मग एका बुधवारी रात्री टॅगचं नाव ठेवलेला स्क्रिप्टमधला रकाना (व्हेरिएबल) रिकामा आला. फिल्टर लागलाच नाही आणि यादीत सातही सर्व्हर आले. सर्व्हर गेला की मूळ डिस्कही पुसायची, ही खूण आधीपासून लागलेली असते, ती आम्ही कधी काढली नव्हती. एपीआयने एक शब्द विचारला नाही, सातही उडवले.

शेवटचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची जपून ठेवलेली प्रत, रविवारचा. सोमवार ते बुधवारचा भरणा आम्ही पिग्मी एजंटांच्या पावत्या जुळवून पुन्हा टाइप केला. एका पतसंस्थेच्या मॅनेजर बाई दोन रात्री अकरापर्यंत आमच्यासोबत बसल्या. मी हाताने केलं असतं तर स्क्रीनवर सात नावं दिसली असती, आणि पतसंस्थेचं नाव दिसताच माझा हात थांबला असता.

हे फक्त आमच्यासारख्या लहानांचं होतं असं समजू नका. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगलवरचा एक खासगी क्लाउड पुसला गेला. गूगलनेच सांगितलेलं कारण काय, तर उभा करताना आतल्या टूलमध्ये एक रकाना रिकामा राहिला. रिकामा म्हणजे एक वर्षाची मुदत, असं टूलने धरलं, आणि वर्ष संपल्यावर आपोआप पुसून टाकलं. वेगळे ठेवलेले बॅकअप शाबूत होते म्हणून निभावलं. रिकामा रकाना तिथेही, आमच्याकडेही.

टर्मिनल_ताई:
दादा, त्या तीन दिवसांचं खरंच वाईट वाटलं. पण खापर भलत्याच डोक्यावर फोडताय. कन्सोल म्हणजे वेगळं काही आहे का? तुम्ही बटण दाबता तेव्हा मागे तोच एपीआय कॉल जातो. नव्या मुलाला टर्मिनेटची, म्हणजे सर्व्हर कायमचा उडवायची, परवानगी कोणी दिली? पतसंस्थेच्या सर्व्हरवर टर्मिनेशन प्रोटेक्शन का नव्हतं? ती एक खूण लावली असती तर तोच कॉल नकार घेऊन परत आला असता. आधी ड्रायरन, म्हणजे कॉलची नुसती रंगीत तालीम, लावून बघितलं असतं तरी कळलं असतं.

आणि हाताचं एवढं कौतुक असेल तर नाइट कॅपिटल आठवा. ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाली करणारी कंपनी. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, माणसाने सातांवर टाकला, आठवा राहिला. बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४४ कोटी डॉलर बुडाले. कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचंही तेच. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दमलेला माणूस, दोन टर्मिनल उघडी, आणि डेटाबेसचं फोल्डर चुकीच्या सर्व्हरवर पुसलं. नावं समोर दिसत होती, तरी हात थांबला नाही.

रात्रपाळी:
ताई, बाकी मान्य, पण ड्रायरनचं चुकीचं सांगताय. ईसी-टूचा, म्हणजे ॲमेझॉनच्या व्हर्च्युअल सर्व्हर सेवेचा, ड्रायरन फक्त एवढंच सांगतो की हा कॉल करायची तुम्हाला परवानगी आहे की नाही. दादांच्या मुलाने लावला असता तर "परवानगी आहे, चाललं असतं" असंच उत्तर सातही सर्व्हरसाठी आलं असतं. कोणते सर्व्हर जाणार आहेत ते आपल्या कोडनेच छापायला हवं. ड्रायरनच्या भरवशावर मी एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून सांगतो.

टर्मिनल_ताई:
बरोबर आहे. ड्रायरनचा मुद्दा मागे घेते. परवानगी आणि प्रोटेक्शनचा घेत नाही.

मिरजेचा_सिसॲडमिन:
म्हणजे ज्या सोयीवर मला विसंबायला सांगत होतात ती तुम्हालाच नीट माहीत नव्हती. आमचा तो मुलगा बावीस वर्षांचा. त्याला कुठून माहीत असणार?

ठाणे_लोकल:
दोघांनाही माझा अनुभव सांगतो. आधीच्या नोकरीत आमचे एकतीस सर्व्हर होते आणि खर्चाचा हिशेब लावायला मी स्क्रिप्ट लिहिली होती. त्या क्लाउडची एपीआय एका पानात वीसच नोंदी देते, पुढचं पान मागून घ्यावं लागतं. मी मागितलंच नाही. आठ महिने मी मॅनेजरला वीस सर्व्हरचा तक्ता पाठवत होतो आणि अकरा सर्व्हर कोणी वापरत नसताना चालू होते. कन्सोलमध्ये खाली सरकलो असतो तर पहिल्याच दिवशी दिसले असते.

दुसरं म्हणजे वेळ. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत, रात्री ९ ला बंद, सकाळी ८ ला चालू असं लिहिलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. बंद व्हायचे पहाटे अडीचला आणि चालू व्हायचे दुपारी दीडला. सकाळभर टेस्टिंगची टीम हातावर हात धरून बसलेली. तरीही मी एपीआयच्याच बाजूचा आहे, कारण चूक सापडली तेव्हा एक ओळ बदलली आणि ती कायमची गेली.

मुक्तकोड:
एवढं सगळं लिहिण्यापेक्षा टेराफॉर्म वापरा, सर्व्हर कोडमध्ये लिहून उभे करायचं टूल. काय जाणार, काय येणार, सगळा प्लॅन आधी दिसतो. आता ओपनटोफू म्हणा, म्हणजे त्यातूनच फुटलेली मुक्त आवृत्ती, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मच्या कंपनीने परवाना बदलला. लोकांनी वर्षानुवर्षं फुकट योगदान दिलं आणि एके दिवशी दार लावून घेतलं. याबद्दल इथे कोणीच का बोलत नाही?

रात्रपाळी:
कारण धागा परवान्याचा नाही. आणि प्लॅन न वाचता "येस" दाबणारे मी रोज बघतो.

लातूरचा_विद्यार्थी:
मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. विचारू की नको असं वाटत होतं. दादांनी लिहिलं, एपीआय एक शब्द विचारत नाही. माझ्या बाबतीत तसंच झालं. व्हिडिओ बघून प्रोजेक्ट केला, क्लाउड खात्याची की, म्हणजे गुप्त किल्ली, पायथनच्या फाइलमध्येच लिहिली आणि गिटहबवर, जिथे कोड सगळ्यांना दिसतो, टाकली. रात्री लक्षात आलं म्हणून फाइल पुसली. सकाळी उठलो तर ज्या देशांची नावंही मी उघडली नव्हती तिथे माझ्या खात्यावर मोठमोठे सर्व्हर चालू होते. बिल एक लाख बारा हजार. कार्ड आईचं. ती अंगणवाडी सेविका आहे. कंपनीला चार मेल केले, शेवटी त्यांनी बरंचसं माफ केलं, पण ते सोळा दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. तेव्हापासून क्लाउडला हात लावलेला नाही आणि आता मुलाखतीत तेच विचारतात.

हिंजवडी_४११०५७:
भावा, वाईट झालं, पण चूक तुझीच. की कोडमध्ये लिहायची नाही हे पहिलं पान उघडलं तरी लिहिलेलं असतं. फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या जुन्या नोंदींत, ती राहतेच. बजेटचा अलार्मही लावायला हवा होता. आणि दुसऱ्याचं कार्ड वापरायचंच कशाला?

मिरजेचा_सिसॲडमिन:
"दुसऱ्याचं"? आई दुसरी होते होय? एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणती बँक क्रेडिट कार्ड देते ते सांगा जरा. तुम्हाला कंपनीने खातं दिलं, बिल कंपनीने भरलं, शिकलात. गावाकडच्या पोरांनी आईच्या कार्डावर शिकायचं आणि वर तुमचं ऐकून घ्यायचं.

हिंजवडी_४११०५७:
गाव-शहर करू नका. मीही बार्शीचा आहे. नियम सगळ्यांना सारखाच.

रात्रपाळी:
नियम सारखा, पण अलार्मचं सांगता ते अर्धवट आहे. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, बजेटचे आकडे दिवसातून तीनदा पुढे सरकतात, मध्ये आठ ते बारा तास जातात. गिटहब चाळणाऱ्या बॉटला की सापडायला मिनिटं पुरतात. अलार्म वाजेल तोवर आईचं कार्ड रिकामं. शिवाय नुसता अलार्म मेल पाठवतो, सर्व्हर थांबवत नाही. थांबवायची ॲक्शन वेगळी जोडावी लागते. शिकणाऱ्याच्या खात्याला "एवढ्या रुपयांच्या पुढे नाही" अशी साधी पक्की मर्यादा पहिल्याच पानावर का मिळू नये?

ठाणे_लोकल:
आणि बंद करून पैसे वाचतात हा समजही नव्या मुलांना महागात पडतो. डिजिटलओशन कंपनीचा ड्रॉपलेट, म्हणजे त्यांचा व्हर्च्युअल सर्व्हर, पॉवर ऑफ केला तरी मीटर चालूच असतो, पूर्ण डिलीट केला तरच थांबतो. ईसी-टूमध्ये स्टॉप केल्यावर मशीनचे पैसे थांबतात, डिस्कचे चालू राहतात. शिवाय एडब्ल्यूएसवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याला, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला, तासाला अर्धा सेंट. एक पत्ता राखून ठेवला तर महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एपीआयमध्ये दोन्हीकडे शब्द साधारण सारखेच, अर्थ वेगळे.

हिंजवडी_४११०५७:
म्हणजे आता कागदपत्रं न वाचणाऱ्यांची चूक कंपन्यांची झाली.

टर्मिनल_ताई:
मी एपीआयच्या बाजूने भांडतेय आणि तरी सांगते, तुमची भाषा चुकतेय. त्या मुलाने सोळा दिवस काय सोसलं ते वाचलंत का? माझी पहिली की मी २०१३ मध्ये ऑफिसच्या कोडच्या रिपॉझिटरीत टाकली होती. ती खासगी होती म्हणून वाचले. मला ओरडणारा सीनियर होता, त्याने शेजारी बसून की बदलून दाखवली. याला कोणी नव्हतं, एवढाच फरक.

हिंजवडी_४११०५७:
ठीक. "चूक तुझीच" हे मागे घेतो. की कोडमध्ये लिहू नये हे मागे घेत नाही.

मिरजेचा_सिसॲडमिन:
हेच मी सकाळपासून सांगतोय. पासवर्ड काढून घेतलात की शेजारी बसून दाखवायचं तरी काय? सर्व्हर कसा दिसतो, डिस्क कुठे लागते, फायरवॉलमध्ये कोणतं पोर्ट उघडं आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला कन्सोलमध्ये बोट ठेवून दाखवतो. मग स्क्रिप्ट.

टर्मिनल_ताई:
दाखवा की, बघायला माझी ना नाही. बघण्याची परवानगी सगळ्यांना, बदलण्याची फक्त स्क्रिप्टला, आणि ती स्क्रिप्ट दोघांनी वाचलेली. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमचे सात सर्व्हर कसे उभे केले होते हे कोणाला ठाऊक आहे? कन्सोलमध्ये कुठे काय टिचकी मारली ते तुमच्या डोक्यात आहे. दूध संघाला तुमचं डोकं बॅकअपमधून परत मिळणार नाही.

मिरजेचा_सिसॲडमिन:
क्लाउडट्रेल या ॲमेझॉनच्या नोंदवहीत सगळं नोंदलेलं असतं. कन्सोलमधून केलेलंसुद्धा. तुम्हीच म्हणालात, मागे तोच कॉल जातो.

टर्मिनल_ताई:
मुद्दाम काही वेगळं केलं नसेल तर तो इतिहास ९० दिवसांचा. तुमचे सर्व्हर कधी उभे केले?

मिरजेचा_सिसॲडमिन:
चार २०१९ मध्ये उभे केले होते.

मिरजेचा_सिसॲडमिन:
बरं. उभं कसं करायचं ते कोडमध्ये लिहून ठेवायला हवं, हे कबूल. गेल्या वर्षी पुन्हा उभे करताना एका शाळेच्या सर्व्हरचं कोणतं पोर्ट उघडं होतं हे आठवायला मला अर्धा दिवस लागला होता, हेही सांगतो. आत्ताच सातही सर्व्हरवर प्रोटेक्शन लावलं. कन्सोलमधूनच लावलं. पुसायचं काम मात्र माझ्याकडे असेपर्यंत माणूसच करेल, नाव वाचून.

टर्मिनल_ताई:
सात सर्व्हरसाठी चालेल. सत्तर झाले की पुन्हा भांडू.

लातूरचा_विद्यार्थी:
ताई, दादा, कार्ड न लावता हे शिकता येईल का? घरी जुना आय-थ्री आहे, आठ जीबी रॅम.

रात्रपाळी:
येईल. लिनक्स टाक, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू कर, केव्हीएम आणि लिबव्हर्ट बसव, म्हणजे घरच्याच मशीनवर व्हर्च्युअल सर्व्हर चालवायची सोय. त्यालाही पायथनची एपीआय आहे. बनव, चालू कर, बंद कर, पूस, यादी माग, सगळं तेच. चुकलास तर वीजबिलापलीकडे काही जाणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये हे का शिकवत नाहीत, हे मला खरंच कळत नाही.

लातूरचा_विद्यार्थी:
बसवलं. पहिला सर्व्हर चालू करताना म्हणतोय, डिफॉल्ट नेटवर्क ॲक्टिव्ह नाही.

मिरजेचा_सिसॲडमिन:
टर्मिनलमध्ये लिबव्हर्टची कमांड दे, व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट. मग व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट, म्हणजे मशीन रीस्टार्ट केल्यावर पुन्हा अडणार नाही.

लातूरचा_विद्यार्थी:
झालं दादा. आयपी आला.