'माय हॅपी मॅरेज' बघून झालं, आता कादंबरी घेऊ की मांगा?

चहाबाज_मी
नेटफ्लिक्सवर या जपानी ॲनिमेचे दोन्ही सीझन संपवले आणि आता करमेनासं झालंय. ते राक्षस, शक्ती, राजवाड्यातलं राजकारण वगैरे ठीके, पण मला मियो आणि तिचा होणारा नवरा कियोका हवेत, त्याचं ते छोटंसं घर आणि तिथे कामाला असलेल्या युरिएबाई हव्यात. तर कादंबरी घेऊ की मांगा, म्हणजे चित्रकथा? आणि मियोची सावत्र आई आणि सावत्र बहीण काया यांनी केलेला छळ पुस्तकात अजून जास्त असेल तर आधीच सांगा, मी तो भाग पळवत बघितलाय.

करदळ
कादंबरीच घे गं. अकुमी अगितोगीने ही गोष्ट आधी नेटवर लिहिली होती, २०१९ मध्ये पुस्तक आलं. पहिला सीझन म्हणजे पहिली दोन पुस्तकं, तरी पहिल्यापासूनच वाच, थेट तिसऱ्यावर उडी नको. छळ आहेच, पण वाचताना वेगळा लागतो कारण आपण मियोच्या डोक्यात असतो. तो नाश्त्याचा सीन आठवतोय ना, ती पहाटे उठून सगळं रांधते आणि कियोका म्हणतो आधी तू खा, मग विषाचा संशय घेऊन तसाच उठून जातो? स्क्रीनवर तो खडूस वाटतो, पुस्तकात तिला त्यात काही वावगंच वाटत नाही, आपलंच चुकलं असणार असं धरून चालते, आणि तिथे पोटात तुटतं. नंतर तिच्या हातचं खाऊन तो चांगलं झालंय म्हणतो तेव्हा ही रडते आणि आपणही.

निवांत_पाटील
मांगाला एवढं हलक्यात नका घेऊ हो. रितो कोसाकाचं चित्रांकन आहे, किमोनोवरची नक्षी बघत एकेका पानावर रेंगाळायला होतं. तो तिला कंगवा देतो ते बघा, जपानमध्ये पूर्वी बाईला कंगवा देणं म्हणजे लग्नाची मागणी घालण्यासारखंच होतं, आणि ती बदल्यात त्याच्या लांब केसांसाठी स्वतः दोरी विणते. असला प्रकार मांगातच खुलतो, कारण पान उलटायचं की नाही ते आपल्या हातात. इंग्रजीत कादंबरी येन प्रेस या प्रकाशनाची आणि मांगा स्क्वेअर एनिक्सचा, ऑर्डर करताना नीट बघा, नाव तेच आहे. मांगा उजवीकडून वाचायचा.

खडूसकाकू
मला मात्र मियोचं सारखं माफ करा, माफ करा ऐकून वीट आला. ते थांबायची दुसऱ्या सीझनपर्यंत वाट बघायला लावली बाईने.

करदळ
काकू, जग काल्पनिक असलं तरी बेतलंय जपानच्या मेइजी-ताइशो काळावर, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीच्या. तिथल्या १८९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाला घराच्या कर्त्याची परवानगी लागायची. बापच कियोकाकडे धाडतोय म्हटल्यावर मियो दुसरीकडे जाणार कुठे? शाळा नाही, कपडे मोलकरणीपेक्षा फाटके. माफ करा म्हणणं हीच तिची ढाल होती.

खडूसकाकू
कायद्याचं पटलं, रडणं नाही पटलं 😄

चहाबाज_मी
ठरलं, कादंबरीचे पहिले दोन भाग आणि कंगव्यासाठी मांगाचा पहिला. पण सासूबद्दल कोणीच काही बोललं नाही?? ती कियोकाची आई फुयू, काय ते टोमणे, आणि मुलगा तिला तोंडावर सुनावतो तेव्हा मी तर टाळ्याच वाजवल्या.